मैदानावरची छोटी विमाने

वेगवान गोलंदाजाने टाकलेला चेंडू अंगावर आला तर काय होते, हे क्रिकेट खेळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. पॅड, हातमोजे आणि हेल्मेट घातल्याशिवाय त्याच्यासमोर उभे राहण्यास कोणी धजत नाही. आता एक छोटेसे गणित करू. चेंडूचे वस्तुमान सुमारे १६० ग्रॅम असते. तो ताशी १४४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ४० मीटर वेगाने येत आहे असे समजा. गतिज ऊर्जेचे सूत्र तुम्ही शिकला आहातच. वस्तुमानाला वेगाच्या वर्गाने गुणायचे आणि गुणाकाराचे निम्मे करायचे. उत्तर येते १२८ ज्यूल.

आता दुसरी वस्तू घेऊ. बाल्सा नावाच्या अतिशय हलक्या लाकडाच्या पट्ट्यांचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेले पातळ प्लास्टिकचे आवरण, दीड मीटर पंखविस्तार, आणि इंजिन, बॅटरी वगैरे सर्व धरून वजन २ किलोग्रॅम. असे हे मॉडेल विमान आहे. नवशिक्यांना शिकवण्यासाठी साधारण एवढेच विमान वापरतात. दिसायला मोठे गोजिरवाणे! पण ते सेकंदाला २० मीटर वेगाने जात असेल तर त्याची गतिज ऊर्जा ४०० ज्यूल होते. म्हणजे गोलंदाजाच्या त्या चेंडूच्या तिप्पट. शिवाय चेंडू निदान गोल तरी असतो. विमानाच्या नाकावर मात्र धातूचे इंजिन आणि गरगर फिरणारा प्रॉपेलर असतो.

हे गणित तुम्हाला भिववण्यासाठी मांडलेले नाही. मॉडेल विमाने बनवणे आणि उडवणे हा माझ्या मते विद्यार्थ्याला लागावा अशा छंदांपैकी पहिल्या रांगेतला छंद आहे. परंतु तो गच्चीवर, रस्त्यावर किंवा मुले खेळत असलेल्या पटांगणात करावयाचा नाही. त्यासाठी क्लबचे मैदान हवे. अशा मैदानावर गेलात की तेथील नियम तुम्हाला प्रथम सांगितले जातात. येथे उभे राहा, तेथे जाऊ नका, हे आधी चालू करा, ते नंतर. नवख्या मुलाला हे सारे शाळेच्या प्रार्थनेनंतरच्या सूचनांसारखे कंटाळवाणे वाटते. पण एकेका नियमाला ‘का?’ असे विचारून पाहा. प्रत्येकाच्या पोटात तुमच्या पाठ्यपुस्तकातले एखादे प्रकरण दडलेले आढळेल.

खेळणे की विमान?

मॉडेल विमान म्हणजे खऱ्या विमानाची नक्कल, अशी आपली समजूत असते. इतिहास मात्र उलटा आहे. आधी मॉडेल उडाले आणि मग विमान. इंग्लंडच्या जॉर्ज केली यांनी १८०४ मध्ये एका काठीवर पतंगासारखा पंख आणि मागे शेपटी बसवून सुमारे मीटरभर लांबीचे ग्लायडर बनवले होते. पुढे १८७१ मध्ये अल्फाँस पेनो या अवघ्या एकवीस वर्षांच्या फ्रेंच तरुणाने रबराला पीळ देऊन चालणारे छोटे विमान पॅरिसच्या त्विलेरी बागेत उडवून दाखवले. ते ११ सेकंदांत सुमारे ४० मीटर गेले. त्याने पंखांची टोके वर उचललेली ठेवली होती आणि मागे स्थैर्य देणारी शेपटी बसवली होती. आजही शिकाऊ मॉडेलांची रचना तशीच असते. याच पेनोच्या कल्पनेवर बनवलेले, रबराच्या पिळावर उडणारे एक खेळणे १८७८ मध्ये अमेरिकेतील एका पाद्र्याने आपल्या दोन लहान मुलांसाठी घरी आणले. त्या मुलांची नावे विल्बर आणि ऑर्विल राइट.

आणि ही केवळ जुनी गोष्ट नव्हे. ९ ऑगस्ट २००३ रोजी मेनार्ड हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडातील न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरून पाच किलोग्रॅमपेक्षा कमी वजनाचे एक मॉडेल विमान सोडले. अटलांटिक महासागर ओलांडून ते ११ ऑगस्टला आयर्लंडच्या किनाऱ्यावर उतरले. सुमारे ३,००० किलोमीटरचे हे अंतर त्याने जवळजवळ ३९ तासांत कापले. विशेष असे की, हिल यांची दृष्टी तोवर जवळपास गेलेली होती.

वाऱ्याकडे तोंड

मैदानावर पाऊल टाकताच प्रथम एका काठीला बांधलेली कापडी पट्टी दिसेल. ती वाऱ्याची दिशा दाखवते. विमान उडवताना आणि उतरवताना त्याचे तोंड वाऱ्याकडे हवे, हा पहिला नियम. का बरे?

पंखाला वर उचलणारे बल हवेच्या घनतेवर, पंखाच्या क्षेत्रफळावर आणि वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. येथे वेग म्हणजे हवेच्या सापेक्ष वेग, जमिनीच्या नव्हे. आपल्या २ किलोग्रॅमच्या विमानाला हवेत तरंगत राहण्यासाठी हवेच्या सापेक्ष निदान ८ मीटर दर सेकंद वेग लागतो असे हिशेब सांगतो. याहून वेग कमी झाला की पंखावरून सुरळीत वाहणारी हवा पंखापासून सुटते, उचल एकदम घटते आणि विमान दगडासारखे खाली येते. याला ‘स्टॉल’ होणे म्हणतात.

आता समजा वारा सेकंदाला ४ मीटर वेगाने वाहत आहे. वाऱ्याकडे तोंड करून उतरणाऱ्या विमानाचा जमिनीच्या सापेक्ष वेग असेल ८ वजा ४, म्हणजे ४. वाऱ्याला पाठ करून उतरवले, तर तोच वेग ८ अधिक ४, म्हणजे १२. वेग तिप्पट, म्हणून जमिनीवर टेकताना मुरवावी लागणारी ऊर्जा नऊपट! एकात विमान अलगद बसते. दुसऱ्यात चाके, नाक आणि कित्येकदा कुंपणही मोडते.

स्टॉलबद्दल आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण नवशिक्यांची बरीच विमाने यातच जातात. विमान वळवण्यासाठी ते एका बाजूला कलते करावे लागते. कललेल्या विमानाच्या पंखाच्या बलाचा काही भाग वळणासाठी, म्हणजे अभिकेंद्री बल म्हणून खर्च होतो. मग वजन पेलण्यासाठी एकूण बल वाढवावे लागते. ६० अंशांच्या कलत्या वळणात ते दुप्पट लागते. बल वेगाच्या वर्गावर अवलंबून, म्हणून लागणारा किमान वेग दोनाच्या वर्गमुळाने, म्हणजे १.४१ पटीने वाढतो. ८ च्या जागी ११.३. उतरण्यापूर्वी विमान हळू उडत असते आणि नेमके त्याच वेळी धावपट्टीच्या रेषेत आणण्यासाठी घाईने आखूड वळण घेतले जाते. पुढचे सांगायला नकोच.

आपल्या दख्खनच्या पठारावर याला उन्हाळ्याची जोड मिळते. पुण्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर. मे महिन्यातील दुपारी तापमान ३७ अंश असेल तर तेथील हवेची घनता समुद्रसपाटीवरच्या थंड हवेपेक्षा तेरा टक्के कमी भरते, आणि स्टॉलचा वेग सुमारे सात टक्क्यांनी वाढतो. माणसांनाही मे महिन्याची दुपार मानवत नाही, तेव्हा सकाळी लवकर उडवणे सर्वांच्याच हिताचे.

प्रॉपेलरच्या मागे उभे राहा, बाजूला नको

इंजिन सुरू करणारा मुलगा विमानाच्या मागे बसतो, दुसरा एक जण शेपटी धरतो आणि बघ्यांना बाजूला, म्हणजे प्रॉपेलरच्या फिरण्याच्या पातळीत कधीच उभे राहू देत नाहीत. १० इंच, म्हणजे २५.४ सेंटिमीटर व्यासाचा प्रॉपेलर मिनिटाला १०,००० फेरे करतो असे धरा. त्याच्या पात्याचे टोक एका फेऱ्यात सुमारे ८० सेंटिमीटर अंतर कापते. गुणाकार केलात तर टोकाचा वेग सेकंदाला १३३ मीटर, म्हणजे ताशी ४८० किलोमीटर येईल. त्या टोकाशी असलेल्या फक्त १ ग्रॅम द्रव्याला वर्तुळात धरून ठेवण्यासाठी किती बल लागेल? वेगाच्या वर्गाला त्रिज्येने भागा आणि वस्तुमानाने गुणा. सुमारे १४० न्यूटन! म्हणजे १४ किलोग्रॅमचे पोते टांगावे एवढे. पात्याला केसाएवढी चीर असेल तर तो ग्रॅमभर तुकडा सुटणार आणि सुटताना स्पर्शरेषेच्या दिशेने, म्हणजे त्याच पातळीत जाणार. म्हणून बाजूला उभे राहायचे नाही. म्हणूनच तडा गेलेला प्रॉपेलर गोंदाने चिकटवून पुन्हा वापरायचा नाही, तो मोडून टाकायचा. नाहीतर कोणीतरी हुशार तो कचऱ्यातून उचलून पुन्हा लावतो.

फिरणारी पाती दिसत नाहीत हा आणखी एक धोका. सेकंदाला तीनशेहून अधिक वेळा पाते एका जागेवरून जाते, आणि आपल्या डोळ्यांना तेथे फक्त एक धूसर चकती भासते. हात नकळत पुढे जातो.

पूर्वी बहुतेक मॉडेलांत मिथेनॉल आणि एरंडेल तेल यांच्या मिश्रणावर चालणारी इंजिने असत. (होय, तेच एरंडेल! वंगण म्हणून ते उत्तम काम देते. त्याचा जळका वास ज्याच्या नाकात एकदा बसला तो ह्या छंदातून सहसा सुटत नाही.) मिथेनॉल विषारी असते आणि त्याची ज्योत दिवसाच्या उजेडात जवळजवळ दिसत नाही, एवढे लक्षात ठेवा. आता विजेच्या मोटारी सर्रास आल्या आहेत. त्या स्वच्छ आणि शांत आहेत, पण या शांतपणानेच फसगत होते. इंजिन चालू असेल तर आवाज येतो. मोटार मात्र बॅटरी जोडलेली असेल तर गप्प राहूनही तयार असते, आणि बाही लागून स्टिक हलली की एका क्षणात फिरू लागते. लहान इंजिन अडखळले की बहुधा बंद पडते. मोटारीला अडवले तर ती जास्त विद्युतधारा घेऊन अधिकच जोर लावते. म्हणून बॅटरी सर्वांत शेवटी, उड्डाणाच्या जागी गेल्यावरच जोडायची.

सरावलेल्यांनाही ह्यातून सूट नाही. २०१३ मध्ये न्यूयॉर्क शहरातील एका उद्यानात दूरनियंत्रित मॉडेल हेलिकॉप्टरच्या पात्यांनी ते उडवणाऱ्या तरुणाचाच बळी घेतला. तो नवशिका नव्हता.

बॅटरीविषयी थोडक्यात. तीन घटांची, ११.१ व्होल्टची, २,२०० मिलिअँपिअर-तास क्षमतेची लिथियम-पॉलिमर बॅटरी हातात धरली तर एखाद्या साबणाच्या वडीएवढी वाटते. तिच्यातील ऊर्जा सुमारे ८८,००० ज्यूल. आपले २ किलोग्रॅमचे विमान साडेचार किलोमीटर उंच उचलण्यास ती पुरेल! ही ऊर्जा सावकाश निघाली तर उड्डाण, एकदम निघाली तर आग. फुगलेली, चेपलेली किंवा भोक पडलेली बॅटरी वापरू नका. तिच्याच जातीच्या चार्जरवर, कोणीतरी जवळ असतानाच, जळाऊ वस्तूंपासून दूर चार्ज करा. मैदानावर वाळूची बादली हवीच.

खुंट्यांची पाटी

आता रेडिओकडे वळू. जुन्या काळी मॉडेल विमानांचे रेडिओ देशपरत्वे २७, ३५ किंवा ७२ मेगाहर्ट्झच्या आसपास चालत. प्रत्येक संचात एक स्फटिक बसवलेला असे आणि तो त्या संचाची वारंवारता ठरवी. दोघांच्या संचांत एकाच वारंवारतेचे स्फटिक असले म्हणजे संकट ओढवे. एकाचे विमान आकाशात आहे, दुसरा मागे झाडाखाली बसून आपला प्रेषक सहज चालू करून पाहतो, आणि वरचे विमान कोणाचे ऐकावे हे न कळून कोसळते! ह्यावर क्लबांनी काढलेला तोडगा पाहण्यासारखा होता. मैदानावर एक लाकडी पाटी, तिच्यावर प्रत्येक वारंवारतेसाठी एक चिमटा. ज्याच्याजवळ त्या वारंवारतेचा चिमटा असेल त्यानेच प्रेषक चालू करायचा. चिमटा पाटीवर नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याला शोधून काढायचे आणि तो परत करीपर्यंत थांबायचे. ना यंत्र, ना वीज. माझ्या मते सुरक्षिततेची इतकी स्वस्त आणि इतकी चोख व्यवस्था क्वचितच कोणी शोधली असेल.

साधारण २००५ नंतर २.४ गिगाहर्ट्झचे संच आले. यात प्रत्येक ग्राहक आपल्याच प्रेषकाचा सांकेतिक क्रमांक ओळखतो आणि दोघे मिळून एका वारंवारतेवरून दुसरीवर सतत उड्या मारत राहतात. त्यामुळे अनेक जण एकाच वेळी निर्धास्त उडवू शकतात आणि चिमट्यांच्या पाट्या बऱ्याच ठिकाणी अडगळीत गेल्या. मात्र नव्या लहरींचे स्वभाव वेगळे आहेत. प्रकाशाच्या वेगाला वारंवारतेने भागा. ३५ मेगाहर्ट्झची तरंगलांबी साडेआठ मीटर येते, २.४ गिगाहर्ट्झची अवघी साडेबारा सेंटिमीटर. म्हणून पूर्वीच्या प्रेषकाला मीटरभर लांबीची, ओढून उंच करावयाची अँटेना लागे, आता बोटभर पुरते. पण एवढ्या आखूड लहरींना दाट झाडी, पत्र्याची शेड किंवा माणसाचे शरीरसुद्धा अडवते. विमान नेहमी डोळ्यांसमोर हवे, झाडामागे नको, त्याचे हेही एक कारण.

आणखी एक गंमत. नवखा माणूस अँटेनेचे टोक बंदुकीसारखे विमानावर रोखतो. त्याला वाटते की लहरी टोकातून बाहेर पडतात! सरळ तारेची अँटेना आपल्या लांबीच्या दिशेने सर्वांत कमी आणि तिच्या लंब दिशेने सर्वांत जास्त लहरी फेकते. म्हणून अँटेना विमानाच्या दिशेला आडवी धरायची. विमानातल्या ग्राहकाला बऱ्याचदा दोन अँटेना असतात आणि त्या एकमेकींशी काटकोनात बसवतात. विमान कसेही उलटेपालटे झाले तरी एकीला तरी संदेश नीट मिळावा, हा हेतू.

चालू करताना प्रथम हातातला प्रेषक, मग विमान. बंद करताना उलट. संदेश नसताना जागा असलेला ग्राहक भलत्याच गोंगाटाला आज्ञा समजू शकतो. आणि संदेश तुटलाच तर मोटार आपोआप बंद व्हावी अशी योजना संचात करून ठेवता येते. ती केली आहे की नाही हे प्रत्येक सत्राआधी, विमान घट्ट धरून आणि प्रॉपेलरपासून दूर राहून तपासायचे.

विमान आपल्याकडे येते तेव्हा

आतापर्यंतचे सर्व नियम एका वाचनात समजतात. यापुढचा मात्र समजूनही हाताला लवकर येत नाही, आणि मला विचाराल तर ह्या छंदातला सर्वांत सुंदर धडा हाच आहे.

विमान तुमच्यापासून दूर जात आहे. तुम्ही प्रेषकावरची स्टिक उजवीकडे ढकलता, विमान उजवीकडे कलते. सोपे आहे. आता ते वळून तुमच्याकडे येऊ लागते. पुन्हा स्टिक उजवीकडे ढकला. विमान आज्ञाधारकपणे आपल्या उजवीकडे कलते, परंतु त्याची उजवी बाजू म्हणजे आता तुमची डावी! तुम्हाला दिसते ते असे की, आज्ञा दिली उजवीकडची आणि विमान चालले डावीकडे. घाबरून तुम्ही स्टिक आणखी उजवीकडे दाबता. ते आणखी कलते.

विमानात बसलेल्या वैमानिकाला ही अडचण कधीच येत नाही, कारण त्याची आणि विमानाची संदर्भ चौकट एकच असते. तुमची चौकट जमिनीशी बांधलेली आहे आणि विमानाची चौकट तुमच्यासमोर गिरक्या घेते आहे. एका चौकटीतून दुसरीत उडी मारण्याचे काम मेंदूला क्षणाक्षणाला करावे लागते. त्यासाठी वेळ किती? विमान ३० मीटर उंचीवर असेल आणि सेकंदाला २० मीटर वेगाने खाली सूर मारत असेल तर दीड सेकंद. काही चुकते आहे हे ओळखण्यातच त्यातला पाव-अर्धा सेकंद जातो.

जुने जाणते उडवणारे यावर एक युक्ती शिकवतात. विमान तुमच्याकडे येत असताना जो पंख खाली झुकलेला दिसेल, त्या बाजूला स्टिक ढकला. जणू काही त्या पंखाखाली तुम्ही टेकू लावत आहात. विमान सरळ होते. कागदावर आकृती काढून हे पडताळून पाहा. युक्ती बरोबर का आहे ते तुमचे तुम्हालाच कळेल.

शिकणाऱ्याचा आणि शिकवणाऱ्याचा असे दोन प्रेषक जोडण्याची सोयही असते. शिकवणाऱ्याच्या बोटाखाली एक बटण असते. ते दाबलेले असेपर्यंत विमान विद्यार्थ्याच्या हाती. सोडले की गुरुजींच्या हाती. ह्या सोयीशिवाय पहिले उड्डाण करू नये असे मी आग्रहाने सांगेन.

मैदानाची मांडणीही ह्याच अडचणीतून जन्मली आहे. सर्व उडवणारे एका रेषेत, एकमेकांना ऐकू येईल इतक्या अंतरावर उभे राहतात. विमाने फक्त त्यांच्या समोर, माणसे आणि वाहने फक्त त्यांच्या मागे. ती रेषा ओलांडून कोणाचेही विमान मागे जाता कामा नये. उड्डाणानंतरचे पहिले वळण नेहमी माणसांपासून दूर घ्यायचे. धावपट्टीवर पडलेले विमान उचलायला जायचे असेल तर मोठ्याने सांगून, सर्वांनी ‘हो’ म्हटल्यावरच जायचे. उतरतानाही ओरडून सांगायचे. आणि ज्याची मोटार बंद पडली आहे त्याला सर्वांनी वाट द्यायची, कारण त्याला दुसरी संधी नाही.

फार दूर जाण्याचा मोहही टाळावा. दीड मीटरचे विमान ३०० मीटर अंतरावर गेले की आपल्याला चंद्रबिंबाच्या निम्म्याहून थोडे मोठे दिसते. संध्याकाळच्या आकाशावर त्याची नुसती काळी आकृती उरते आणि ते येते आहे की जाते आहे हेच कळत नाही. पंखाची वरची आणि खालची बाजू वेगळ्या रंगांत रंगवतात ती शोभेसाठी नव्हे.

मैदान एवढे मोठे कशाला, असे विचाराल तर हे करून पाहा. १०० मीटर उंचीवर, सेकंदाला २५ मीटर वेगाने आडव्या जाणाऱ्या विमानाचा पंखच तुटला, तर हवेचा विरोध सोडून दिल्यास ते साडेचार सेकंदांनी, ११० मीटर पुढे जाऊन पडेल. आणि पंख शाबूत असून केवळ संदेश तुटला तर? उंचीच्या आठपट तरंगत जाणारे विमान ८०० मीटर दूर उतरू शकते. तेवढ्या टापूत वस्ती, रस्ता, विजेच्या तारा नसाव्यात.

विजेच्या तारांवरून आठवले. रेडिओ न वापरता, सुमारे १८ मीटर लांबीच्या दोन पोलादी तारांना बांधून आपल्याभोवती विमान फिरवण्याचाही एक प्रकार आहे. सेकंदाला २५ मीटर वेगाचे १ किलोग्रॅमचे विमान हाताला साडेतीन किलोग्रॅम वजनाइतका ताण देते. अभिकेंद्री बल पुस्तकात वाचण्याऐवजी मनगटाला जाणवते. पण ह्या धातूच्या तारा जवळच्या विद्युत वाहिनीला लागल्या तर उडवणाराच मरतो. वीज कडाडत असताना तर हा खेळ बंदच.

आपल्याकडे २०२१ च्या ड्रोन नियमांनी मॉडेल विमानांनाही आपल्या कक्षेत घेतले आहे. नकाशावर आकाशाचे लाल, पिवळे आणि हिरवे असे भाग पाडलेले आहेत. लाल भागात केंद्र सरकारच्या आणि पिवळ्या भागात हवाई वाहतूक नियंत्रणाच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही. हिरव्या भागातही मर्यादा ४०० फूट, म्हणजे १२० मीटरची. खरे विमान किंवा हेलिकॉप्टर आसपास दिसले की आपले विमान ताबडतोब खाली आणायचे. नोंदणीच्या बाबी क्लबच्या वडीलधाऱ्यांकडून समजून घ्या. ज्यांच्या शाळेत राष्ट्रीय छात्रसेनेची हवाई शाखा आहे त्यांचे भाग्य थोर. तेथे मॉडेल विमाने बनवणे आणि उडवणे हा शिक्षणाचाच भाग असतो.

घरी करून पाहा

मैदान मिळेपर्यंत थांबायला नको. विमानाच्या सुरक्षिततेची पहिली तपासणी, गुरुत्वमध्याची, तुम्ही घरीच शिकू शकता. २५ सेंटिमीटर लांबीची सरळ हलकी काडी घ्या. कार्डशीटचा २४ सेंटिमीटर लांब व ५ सेंटिमीटर रुंद पंख कापा, मध्यावर किंचित घडी घालून दोन्ही टोके दीड-दोन सेंटिमीटर वर उचला आणि काडीच्या पुढच्या तिसऱ्या हिश्श्यावर चिकटवा. मागे ८ सेंटिमीटर बाय ३ सेंटिमीटरची आडवी शेपटी आणि तिच्यावर ३ सेंटिमीटरचा उभा चौकोन लावा. आडव्या शेपटीची मागची कड अगदी थोडी वर वाकवा. नाकावर भिजवलेल्या कणकेची गोळी बसवा. ती वजनाचे काम करील आणि कोणाला लागलेच तर इजाही होऊ देणार नाही.

आता पंखाखाली दोन बाजूंना दोन बोटे लावून विमान तोला. पुढच्या कडेपासून दीड सेंटिमीटरवर ते समतोल राहीपर्यंत कणीक कमीजास्त करा. मग खोलीच्या एका टोकाकडून, नाक समोर ठेवून, हलकेच सोडा, फेकू नका. ते सरळ तरंगत जाईल. कणीक दुप्पट केलीत तर ते नाकावर पडेल, पण कसे पडणार हे आधी सांगता येईल. कणीक काढून टाका आणि पुन्हा सोडा. आता ते नाक वर करील, थबकेल, कोणत्याही बाजूला कोलमडेल, आणि दर वेळी वेगळ्या. शेपटी जड झालेले २ किलोग्रॅमचे विमान मैदानावर नेमके हेच करते. म्हणून जाणते लोक नवे विमान उडवण्याआधी ते असे दोन बोटांवर तोलून पाहतात.

समतोल साधल्यावर दार उघडा, पंखा लावा आणि तेच विमान एकदा वाऱ्याच्या दिशेने, एकदा वाऱ्याविरुद्ध सोडा. जमिनीवर खडूने खुणा करून दोन्ही अंतरे मोजा.